मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: मुरुड आणि जयगडच्या मधली रात्र कुठे काढावी?

शीड_सुकाणू

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी मी आणि नवरा आमच्या अठ्ठावीस फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला निघतोय. बोटीचा कील, म्हणजे बुडाखालचं पातं, पाण्याखाली दीड मीटर जातो. नांगर डॅनफोर्थ जातीचा, त्याला ३० मीटर साखळी आणि पुढे ५० मीटर दोर. इंजिन छोटं आहे पण भरवशाचं. माणसं दोनच, त्यामुळे रात्री बोट चालवायची नाही, उजेडात पोचायचं आणि नांगर टाकून झोपायचं असं ठरवलंय.

पाच नॉटचा वेग धरून हिशेब मांडला. मुंबई ते मुरुड साधारण ४० सागरी मैल, म्हणजे आठ तास. जयगड ते विजयदुर्ग ४५, विजयदुर्ग ते मालवण ३०, मालवण ते गोव्याचं आग्वाद ३५. हे सगळं दिवसात बसतं. घोडं अडतंय ते मुरुड ते जयगडला. ते ६० मैल आहेत आणि डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास. मध्ये एक मुक्काम हवाच. नकाशात बाणकोट, हर्णै आणि दाभोळ दिसतात. वाऱ्यापासून आड, नांगर धरेल असा तळ, ओहोटीलाही पुरेल इतकं पाणी आणि रात्री कुणी अंगावर येणार नाही अशी जागा यातली कोणती? ज्यांनी तिथे खरोखर रात्र काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

नुसता_वाचक

बोटीतलं मला काही कळत नाही, पण हर्णैला थांबलात तर संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. आमच्या लहानपणी बोटीतून किनाऱ्यावर मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जायच्या.

वल्हेकरी

ताई, तिन्ही जागांचं बोलण्याआधी एक सांगतो. तुम्ही पोचणार संध्याकाळी चार-पाचला. तेव्हा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, जोरात असतो, वायव्येकडून. त्या वाऱ्याला आड बघून नांगर टाकला की जागा झकास वाटते. मग सूर्य बुडतो, वारा पडतो, आणि रात्री दहा-अकरानंतर जमिनीवरून मतलई सुरू होतो, पूर्व-ईशान्येकडून. बोट नांगराभोवती फिरते. संध्याकाळी जो खडक निवांत तुमच्या मागे होता तो आता कुठे आहे, हे तेव्हा कळून उपयोग नाही.

म्हणून जागा ठरवताना रात्री दोनचा वारा आणि रात्रीची नीच ओहोटी, या दोन गोष्टी धरून ठरवायची. खाडीच्या तोंडाशी तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याची ओढ. वारा मंद असेल तर बोट वाऱ्याला न जुमानता ओढीच्या दिशेने तोंड करते, आणि दर सहा तासांनी उलटी फिरते. चोहोबाजूंनी मोकळं पाणी मिळेल तीच जागा झोपायची.

मतलई

वल्हेकरींनी माझंच नाव घेतलं म्हणून लिहितो :) मी वेगळं सांगणार. मुरुड-जयगड टप्प्यात थांबूच नका. कोकणात शीड हाकायची सर्वांत सुंदर वेळ म्हणजे मतलई सुटल्यावर. वारा जमिनीवरून येतो म्हणून किनाऱ्याजवळ लाट उठायला जागाच नसते. पाणी सपाट, वारा बरोबर आडवा, बोट एका कुशीवर स्थिर धावते. मुरुडला दुपारी जेवा, झोप काढा, मध्यरात्री नांगर उचला, दुसऱ्या दिवशी दुपारी जयगड. खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या दांड्याची भानगड नाही, खाडीत शिरणं नाही. डिसेंबरात हवा इतकी स्वच्छ असते की दीपगृहं लांबून दिसतात.

हर्णैची_पोर

मतलई दादा, हे तुम्ही भर समुद्रातून जाणाऱ्याला सांगा. घरची बोट आहे आमची, म्हणून बोलते. किनाऱ्यापासून दहा-पंधरा वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात हिवाळ्यात रात्री जाळी पसरलेली असतात. तरती जाळी किलोमीटरच्या हिशेबात लांब असतात, टोकाला कधी बारीक दिवा, कधी नुसता झेंडा, कधी थर्माकोलचा तुकडा. रायगडच्या बाजूला डोलीची जाळी खुंटांना बांधलेली असतात, ते खुंट आणि त्यांचे दोर अंधारात दिसत नाहीत. इंजिनाच्या पंख्यात जाळं गेलं तर ताई-दादांनी काळोखात पाण्यात उतरायचं का? आणि फाटलेलं जाळं गरीब खलाशाचं असतं, त्याचा हंगाम त्यात जातो, हेही लक्षात घ्या.

शीड_सुकाणू ताई, तुमचा रात्री न चालवण्याचा निर्णय अगदी बरोबर आहे. तो बदलू नका.

मतलई

@हर्णैची_पोर, जाळ्यांचा मुद्दा मान्य. मी १२-१५ मैल बाहेरून जातो, तिथे ती बरीच कमी होतात. पण त्यासाठी बाहेर जायचे आणि परत आत यायचे मैल वाढतात आणि रात्रभर एकाने जागं राहावं लागतं. दोघांच्याच बोटीला ते जड जाईल हे खरं.

शीड_सुकाणू

सगळ्यांचे आभार. रात्रीचा पर्याय बाजूला ठेवते. @हर्णैची_पोर, मग हर्णैबद्दलच सांगा ना. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला थांबता येईल?

हर्णैची_पोर

येईल, पण मनापासून सांगू का, तुमच्या कीलच्या बोटीला मी हर्णै पहिल्या पसंतीची म्हणणार नाही. आमचं बंदर उघडं. वायव्य वाऱ्याची थोडी आड मिळते, पण लांबून येणाऱ्या लाटा खडकाला वळसा घालून आत येतातच आणि बोट रात्रभर डुलते. आमच्या मचव्यांना त्याची सवय आहे, तुमच्या टेबलावरचे पेले राहणार नाहीत. किल्ला आणि किनारा यांच्या मध्ये खडक आहेत, तिथे अनोळखी माणसाने संध्याकाळी शिरू नये. शिवाय नांगरलेल्या बोटींची गर्दी इतकी असते की गोल फिरायला जागा मिळत नाही, आणि पहाटे तीनपासून इंजिनं सुरू होतात.

हवा शांत असेल, लाट कमी असेल तर गर्दीच्या बाहेर, पाच-सहा मीटर पाण्यात थांबा. आधी एखाद्या बोटीजवळून सावकाश जा आणि तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला विचारा, "काका, इथे नांगर टाकला तर तुमच्या वाटेत येईन का?" कोणी नाही म्हणणार नाही. उलट तळाला खडक कुठे आहे ते बोटाने दाखवतील.

खोलपाणी

बाणकोटचं मी सांगतो. सावित्री नदीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. आत गेलं की पाणी शांत आणि तळ गाळाचा, नांगर छान धरतो. पण दांड्यावर ओहोटीच्या वेळी लाट फुटते आणि वाट दरवर्षी सरकते. आत वेश्वी ते बागमांडला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरी चालते, तिच्या वाटेत थांबायचं नाही. मुरुडहून बाणकोट फारच जवळ, २० मैलांच्या आसपास. तिथे थांबलात तर पुढे जयगड चाळीसेक मैल. हिशेबात बसतं, पण दांड्याची जोखीम दाभोळपेक्षा मला जास्त वाटते. केळशी आणि आंजर्ले या खाड्या दीड मीटर कीलसाठी विसराच.

टोळकेश्वर

दाभोळ. माझं मत स्वच्छ आहे. मुरुडहून ४३-४४ मैल.

दक्षिणेकडे टोळकेश्वरचं दीपगृह, मग अंजनवेलचा गोपाळगड. वाशिष्ठी नदीचं खोल पाणी त्याच, दक्षिणेच्या अंगाला आहे. उत्तरेकडून वाळूची जीभ पुढे आलेली आहे. दुरून पाहिलं तर खाडीचं तोंड प्रशस्त वाटतं आणि मधोमध शिरायचा मोह होतो, तिथेच वाळू आहे. राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा ताजा चार्ट घ्या, पण वाळूच्या बाबतीत चार्टपेक्षा त्या दिवशी आत-बाहेर करणारी मासेमारी बोट खरी. एखादी मोठी बोट आत निघाली की अंतर राखून तिच्या मागे जा.

दांडा ओलांडायची वेळ चढत्या पाण्याची, भरतीच्या आधीचे दोन तास. चढत्या पाण्यात कील टेकलाच तर पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात टेकला तर तुम्ही सहा-सात तास आडवे. दुसरं, दुपारी वायव्येचा वारा जोरात आणि खाडीतून ओहोटीचं पाणी बाहेर येत असेल तर दोन्ही समोरासमोर भिडतात आणि तोंडावर उभ्या, आखूड लाटा उठतात. तेव्हा आत शिरायचं नाही. बाहेर थांबा, नाहीतर सरळ जयगड धरा.

आत आल्यावर दाभोळ-धोपावे फेरी लागते. तिची वाट नीट बघून घ्या आणि तिच्यापासून लांब, दक्षिण काठाच्या बाजूला चार-पाच मीटर पाण्यात थांबा. तळ गाळाचा. लाट आत येत नाही. ओढ मात्र आहे, उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला, चांगलीच. आणखी आत नदीत जाऊ नका, तुमची डोलकाठी उंच. कोकणातल्या कोणत्याही खाडीत वर जाताना आधी विजेच्या तारा आणि पुलाची उंची चार्टवर बघायची.

शीड_सुकाणू

@टोळकेश्वर, फार उपयोगी. म्हणजे प्रश्न असा झाला की संध्याकाळी चारच्या सुमाराला दाभोळला पाणी चढतं असेल असा दिवस शोधायचा?

आजोळ_कोकण

शोधायला काय, पंचांग आहे ना घरात! तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा. येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री, आणि नीच ओहोटी नेमकी संध्याकाळी. आमचे आजोबा होडी काढायच्या आधी घड्याळ बघत नसत, तिथी विचारत.

तुम्हाला चार ते सहात भरती हवी तर षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच.

खोलपाणी

आजोळ_कोकण, +१. मी आत्ताच मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. दोन गोष्टींची भर. दक्षिणेकडे जावं तशी भरती मुंबईपेक्षा लवकर येते, त्यामुळे दाभोळला पाऊणपटीच्या जरा आधीच पाणी भरलेलं असेल. आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाण्याची चढउतार कमी, म्हणजे दांड्यावर उधाणाइतकं पाणी मिळणार नाही, पण आत ओढही कमी आणि रात्री पाणी फार खाली जाणार नाही. दीड मीटर कीलला हा सौदा चांगला आहे. पक्क्या वेळा मात्र तक्त्यातूनच घ्या.

वल्हेकरी

आणि उलट उदाहरण बघा. पौर्णिमेचं चांदणं छान म्हणून त्या दिवशी निघालात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला दांड्यावर नीच ओहोटी. चांदण्यात बाहेर उभं राहावं लागेल.

नुसता_वाचक

तिथीची पाऊणपट! वाचनखूण साठवली. हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं, पण ते फक्त तिसऱ्या काढायला जायच्या वेळेसाठी.

आजोळ_कोकण

तिसऱ्यांसाठी ओहोटी बघायची, म्हणजे त्यात सहा तास मिळवायचे :)

साखळदंड

जागेवर एकमत होतंय, आता नांगराचं बोलू. साखळी-दोर किती सोडायचा हा हिशेब पोचल्याक्षणीच्या खोलीवर करायचा नसतो, रात्रीच्या सर्वांत जास्त पाण्यावर करायचा असतो. समजा तुम्ही ओहोटीला पोचलात आणि खोली ४ मीटर. भरतीला अडीच मीटर चढणार, झाले साडेसहा. पाण्यापासून बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची उंची एक मीटर, झाले साडेसात. नुसती साखळी असेल तर पाचपट, साडेसदतीस मीटर. साखळी कमी आणि दोर जास्त असेल तर सातपट, साडेबावन्न मीटर. तुमच्याकडे ८० मीटर आहे, पुरेसं आहे. भरतीला पोचलात तर उलट हिशेब करायचा, आज दिसणाऱ्या पाण्यातून उतार वजा करून कीलखाली निदान मीटरभर राहतंय ना ते बघायचं. खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की कीलपासून, तेही घरून निघतानाच तपासा.

मग इंजिन मागे टाकून हळूहळू जोर वाढवा आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, पुढे झाड आणि मागे मोबाईलचा मनोरा, असं. रेषा सरकली नाही तर नांगर बसला. अंधार पडायच्या आत दिव्यांची अशीच जोडी निवडून ठेवा, कारण रात्री झाड दिसणार नाही.

खोलपाणी

@साखळदंड, हिशेब बरोबर, पण डॅनफोर्थबद्दल बोला ना. गाळात तो उत्तम धरतो, पण ओढ उलटी फिरली की कधीकधी उखडतो आणि पात्यात गाळाचा गोळा किंवा शिंपला अडकला तर पुन्हा बसत नाही. खाडीत दर सहा तासांनी ओढ फिरते. मी तर ताईंना ब्रूस किंवा रोक्ना जातीचा नांगर घ्या म्हणेन, फिरल्यावर तो आपोआप वळून परत रुततो.

साखळदंड

नवा नांगर घ्यायचा असेल तर जरूर. पण आहे त्या डॅनफोर्थवरही तुमच्या म्हणण्याइतकं भिण्याचं कारण नाही. जड साखळी तळावर पडून राहिली की मंद ओढीत बोट साखळीवरच फिरते, नांगराला जाणीवही होत नाही. भांगाच्या दिवसांत तर नाहीच.

खोलपाणी

भांगात ठीक. उधाणात मी तुमच्याशी सहमत नाही.

हर्णैची_पोर

आमच्याकडे नांगर घसरतोय का ते दोरावर तळवा ठेवून बघतात. नुसता ताण असेल तर दोर स्थिर लागतो, एखाद-दोन लाटांबरोबर ओढ येते आणि सुटते. नांगर तळावरून घसटत असेल तर दोरातून हाताला खडखड येते, खडकावर असेल तर ठोके येतात. बाबा झोपेतून उठून नाळेवर जायचे, हात ठेवायचे, दोन श्वास थांबायचे आणि परत येऊन झोपायचे. मोबाईलचा गजर लावा, पण हेही करा. रात्री पाणी फिरतं त्या वेळेला एकदा उठाच.

दूरदेशी

मी ग्रीसमधून लिहितोय, इथे आयोनियन समुद्रात मित्रांबरोबर बोट भाड्याने घेऊन जातो. तुमची चर्चा वाचून हेवा वाटला. इथे भरती-ओहोटी नसल्यात जमा, त्यामुळे नांगर पुढे टाकून मागचा दोर सरळ काठावरच्या झाडाला किंवा खडकाला बांधतात. बोट फिरतच नाही, छोट्या कोपऱ्यात पाच-सहा बोटी मावतात. रात्री त्रास होतो तो डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या झोतांचा. खोल, सुंदर आणि उंच कड्यांनी वेढलेली जागा बघून लोक भुलतात आणि नेमका तिथेच झोत जास्त असतो. स्पेनच्या बालेआरिक बेटांकडे तर पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवतावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे, कारण उपटलेलं गवत परत यायला फार काळ लागतो. काठाला दोर बांधायची पद्धत कोकणात चालेल का?

टोळकेश्वर

नाही चालणार, दादा. दोन-अडीच मीटर पाणी वरखाली होतं. भरतीला बांधलेला दोर ओहोटीला बोट चिखलात ओढून ठेवेल. बोटीने गोल फिरायचं, खुंट्याला बांधलेल्या गाईसारखं, आणि तेवढं कुरण मोकळं ठेवायचं. पन्नास मीटर दोर-साखळी सोडली तर बोटीची लांबी धरून चोहोबाजूंनी साठेक मीटर हवेत. मालवणला मात्र तुमचा गवताचा मुद्दा लागू आहे, तिथे प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नांगर वाळूतच टाकायचा, खडकावर आणि प्रवाळावर नाही. मालवणला तसंही खडकांचं जाळं आहे, भर उन्हात, सूर्य डोक्यावर असताना आत शिरा.

अपरांत

थोडं अवांतर. आंग्रे यांच्या गलबतांचं बळ याच खाड्यांत होतं. गलबतं उथळ बुडाची, दांड्यावरून आत जायची आणि मोठी परकी जहाजं बाहेर ताटकळायची. विजयदुर्गाला तर दांडाच नाही, वाघोटण खाडीचं तोंड खोल आहे आणि किल्ल्याच्या मागे आत गेलं की समुद्र दिसतही नाही. १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा आंग्र्यांचं आरमार तिथेच आत नांगरलेलं होतं आणि जळालं. सुरक्षित जागा शत्रू तोंडाशी आला की सापळा होते.

आजोळ_कोकण

अपरांत, आणि ते घडवलं पेशवे आणि इंग्रजांनी मिळून, हेही लिहा. आदल्या वर्षी, १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला तोही असाच. आपलंच आरमार आपण जाळायला मदत केली, अजून वाचताना पोटात तुटतं.

अपरांत

खरंय. वेगळा धागा काढतो, इथे ताईंचा प्रश्न राहून जाईल.

वल्हेकरी

ताईंच्या प्रश्नाकडे येतो. कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही. २००८ च्या २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की चौकशी होते आणि ती झालीच पाहिजे. बोटीची नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं एका पाणी न लागणाऱ्या पिशवीत वर ठेवा. निघण्याआधी मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयांना आणि सागरी पोलिसांना मुक्कामांची यादी द्या. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. रात्री कुणी टॉर्च मारत आलं तर घाबरू नका, दोघंही वर या, दिवा लावा आणि मराठीत नमस्कार करा, निम्मं काम होतं.

नांगरल्यावर डोलकाठीवर चोहोबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. पण मासेमारी बोटीवरचा माणूस वर बघत नाही, तो पाण्याकडे बघतो. म्हणून मी आणखी एक छोटा दिवा डेकच्या उंचीवर ठेवतो.

हर्णैची_पोर

वल्हेकरी काका, हे शंभर टक्के खरं. डोलकाठीवरचा दिवा आमच्या लोकांना लांबच्या गावातला वाटतो.

देवगड_हापूस

हवामानावर बोलतो, कारण डिसेंबर शांत असला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर तसा नसतो आणि हा धागा नंतर कुणीही वाचेल. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या बोटींचं काय झालं ते किनाऱ्यावरचे लोक विसरलेले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळात परराज्यांतल्या बोटींनी आमचं देवगड बंदर भरून गेलं होतं. किल्ल्याच्या टेकडीने पश्चिम अडवलेली, आत चहूकडून आड. हवा बिघडायचा अंदाज असेल तर जयगड, विजयदुर्ग किंवा देवगड गाठा, एक दिवस आधीच. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघायचा. अंदाजात वायव्येकडून दीड-दोन मीटर लाट दिसली तर दाभोळचा दांडा त्या दिवशी नको.

टोळकेश्वर

बरोबर. त्या दिवशी मुरुडलाच राहा. दिवस गेला तरी चालेल.

शीड_सुकाणू

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. नवऱ्याबरोबर बसून आराखडा केलाय, चुकत असेल तर सांगा.

षष्ठीला पहाटे मुंबई सोडायची, दुपारी मुरुड. जंजिऱ्याच्या मागे राजापुरी खाडीत, दिघीच्या जहाजांची वाट आणि आगरदांडा-दिघी फेरी सोडून नांगर. सप्तमीला साडेसहाला निघून साडेतीन-चारपर्यंत दाभोळच्या बाहेर. भरती पाचच्या सुमाराला, म्हणजे चढत्या पाण्यात, गोपाळगडाच्या अंगाने आत. तिथे पोचून लाट जास्त वाटली किंवा साडेचारपर्यंत पोचलो नाही तर आत शिरायचं नाही.

पण मग जायचं कुठे? जयगड तिथून आणखी १७ मैल, म्हणजे अंधार. तो प्रश्न उरतोच.

टोळकेश्वर

आराखडा चांगला आहे. पर्यायाचं उत्तर असं: दाभोळ नको हा निर्णय दाभोळला पोचून घ्यायचा नाही, दुपारी बारा-एकला हर्णैसमोर घ्यायचा. तिथून वारा, लाट, वेग सगळं कळलेलं असतं. उशीर होत असेल तर हर्णैला वळा. आणि अंधारात शिरायची वेळ आलीच तर अनोळखी जागांपैकी फक्त जयगड. तोंड रुंद, पाणी खोल, मोठी जहाजं येतात म्हणून मार्गदर्शक बोये दिव्यांचे आहेत, किल्ल्याजवळ दीपगृह आहे. तवसाळ-जयगड फेरीची वाट सोडून आत, गाळात.

मतलई

आणि तो जयगडपर्यंतचा अंधारातला टप्पा करावा लागला तर बाहेरून करा, दहा-बारा मैल. एकाने नाळेवर टॉर्च घेऊन बसायचं.

हर्णैची_पोर

हर्णैला वळलात तर इथे निरोप टाका. बाबा आता बोटीवर जात नाहीत, पण बंदरावर रोज असतात. गर्दीच्या दक्षिणेला कुठे थांबायचं ते दाखवतील.

शीड_सुकाणू

@हर्णैची_पोर, नक्की. लिलावही बघू :) अष्टमीला सकाळी दाभोळ सोडताना भरती सहाला, म्हणजे साडेसहाला उजेड फुटता निघालं तर पाणी नुकतंच उतरायला लागलेलं असेल. दांड्यावर चालेल?

टोळकेश्वर

चालेल. सकाळी मतलई असतो, वारा आणि पाणी दोन्ही बाहेरच्याच दिशेने, तोंडावर लाट उभी राहत नाही. आठपर्यंत रेंगाळू नका मात्र. चहा बाहेर पडल्यावर.

साखळदंड

नांगर वर घेताना साखळीवरचा गाळ बादलीने धूत धूत घ्या. दाभोळचा गाळ वाळला की लॉकरमधून त्याचा वास गोव्यापर्यंत जात नाही.

दूरदेशी

परतीचं काय? जानेवारीत उत्तरेकडे येताना वायव्येचा वारा तोंडावर ना?

मतलई

हो, म्हणून परतताना दुपारी चालवायचंच नाही. उजेड फुटायच्या सुमाराला मतलईवर निघायचं, अकरा-बारापर्यंत वारा पडतो, तेवढ्यात २५-३० मैल होतात, आणि खारा वारा जोर धरायच्या आत पुढच्या खाडीत. टप्पे छोटे करावे लागतात: आग्वाद, वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या गर्दीत शिरू नका. आणि दाभोळला तेव्हा दुपारी पोचाल, त्यामुळे तिथी बदलते, दुपारी एकला चढतं पाणी हवं. द्वितीया-तृतीया बघा.

आजोळ_कोकण

द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. पण तेव्हा उधाण असेल, आत ओढ जास्त. साखळदंड आणि खोलपाणी यांचा डॅनफोर्थचा वाद तोवर मिटवा.